बाळाबाईचा हातगुण

येडूच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. त्याला तीन वर्षं झाली. बंद पाकिटातून आलेलं ते पत्र माझ्याकडेच होतं, कोंबड्यांच्या रोगावरच्या एका सरकारी पत्रकात, सहाव्या आणि सातव्या पानाच्या मध्ये ठेवलेलं. पत्र कोणा शिकलेल्या माणसाकडून लिहवून घेतलेलं होतं, पण बोलणं येडूचंच होतं.

'मास्तरांस येडूचा रामराम. बहीण बाळी आमच्याकडे येऊन दोन महिने झाले. सोडली असे कोणी म्हणत नाही, न्यायला येतो असेही म्हणत नाही. गावात रोग तिने घातला म्हणतात. तुमच्यापाशी पुस्तक होते एवढे ती सांगते, पुढे बोलत नाही. रोग कुठून आला ते कागदावर लिहून द्यावे. मी चावडीत वाचून घेईन. उत्तराची वाट बघतो.'

मी तेव्हा उंबरपाडळीच्या शाळेत होतो. जेऊर स्टेशनापासून तीन कोसांवरचं गाव. शाळेची एक खोली, पुढे ओटा, मागच्या बाजूला मी राहत असे. शाळेला लागून गुंडाचं घर. घरात तिघंच माणसं : गुंडा, त्याची आई चिमाबाई आणि बायको बाळाबाई. कोरडवाहू जमीन, चार शेळ्या आणि बावीस कोंबड्या. जमिनीनं दिलं तर दिलं, कोंबड्या मात्र नेमानं देत. दर आठ दिवसांनी गुंडा भुशात अंडी रचून पाटी डोक्यावर घ्यायचा आणि जेऊरला जायचा. तिथून ती रेल्वेनं पुण्याकडे जात.

कोंबड्या बाळाबाईच्या. तिचा हातगुण चांगला, असं सगळं गाव मानत असे. कोणाची कोंबडी खुडूक झाली की तिला बोलावणं यायचं. ती हात धुऊन यायची, पाटीत राख आणि भुसा घालायची, प्रत्येक अंडं कानाशी धरून हलवायची, कोळशानं फुली करायची आणि अकरा नाहीतर तेरा अंडी स्वतःच्या हातानं कोंबडीखाली सारायची. तिनं बसवलेलं अंडं नासत नाही, असं बायका म्हणत. लग्नाला पाच वर्षं झाली तरी तिला मूल नव्हतं. चिमाबाई त्यावरून बोलायची, पण अंडी बसवायला हाक आली की तीच म्हणायची, "जा बाळे, बोलवत्यात. आदी हात धू." मी ओट्यावरून हे ऐकत असे. तेवढ्यापुरतं त्या घरात सुनेचं वजन होतं.

त्या वर्षी पाऊस मृगात थोडा पडला आणि मग गेला. गावाखालचं तळं दिवाळीपर्यंत अर्ध्यावर आलं, पौषात त्याचं डबकं झालं. थंडीची पाखरं मात्र नेहमीसारखी आली. रानबदकं, चक्रवाक, बगळे, आणि मला नावं माहीत नसलेली कितीतरी. एरवी पाण्यावर विखरून बसणारी ती सगळी त्या वर्षी एकाच डबक्यात दाटीनं बसली होती. काठचा चिखल त्यांच्या विष्ठेनं पांढरा झाला होता. गावच्या कोंबड्याही तिथंच किडे टिपायला जात, कारण दुसरीकडे ओल नव्हती.

एका दुपारी शाळा सुटल्यावर मी ओट्यावर बसून डाकेनं आलेलं पत्रक चाळत होतो. जनावरांच्या दवाखान्याकडून आलेलं, बारा पानांचं. मला वाचायला काहीही चालत असे, बांधून आलेल्या पुडीचा कागदसुद्धा. गुंडा तळ्याकडून आला. त्याच्या हातात एक रानबदक होतं, पाय धरून उलटं.

"मास्तर, बगा की. न्हाय दगड, न्हाय फास. काठाला बसलं हुतं, गेलो आन् उचललं. मान बी उचलंना."

"आजारी असेल."

"थंडीनं गारठलं आसंल. तुमी खात न्हाय, तुमाला काय त्याचं." तो हसला. "त्ये काय वाचताय?"

"कोंबड्यांवर आहे."

"कोंबड्यांवर बी पुस्तक? मग माज्या बायकूलाच द्या."

त्यानं अंगणात बसून बदक सोललं. पिसं वाऱ्यानं उडत होती. आतडी त्यानं बाजूला टाकली आणि कोंबड्या धावल्या. दोघी एकच आतडं दोन टोकांनी ओढत होत्या. चिमाबाई उंबऱ्यात बसून बघत होती. "खाऊ द्या," ती म्हणाली, "त्यास्नी बी कुटं गावतंय औंदा."

दिवस मावळायच्या आत मी पत्रक शेवटपर्यंत वाचलं. सातव्या पानावर स्पष्ट छापलं होतं की तळ्याकाठी रानपाखरे मरत असतील तिथे कोंबड्या सोडू नयेत. मेलेले अगर आजारी पाखरू घरी आणू नये. त्याची आतडी व पिसे कोंबड्यांपुढे टाकू नयेत. ते खाऊन माणसास काही न झाले तरी कोंबड्यांस रोग होतो. शेजारच्या चुलीवर तोवर बदक शिजत होतं. मी उठलो, ओट्याच्या पायरीपर्यंत गेलो. मग वाटलं, झालं ते झालं. आता सांगून त्या घासात माती कशाला टाका. शिवाय एका पत्रकावर किती भरवसा ठेवायचा. मी आत गेलो.

चौथ्या दिवशी बाळाबाईची तांबडी कोंबडी खुराड्यातून बाहेर आली नाही. तुरा काळा-निळा पडलेला, डोळे सुजलेले, चोचीतून लाळेची तार लोंबत होती. दुपारपर्यंत तिची मान पाठीवर वळली आणि ती तशीच गोल फिरत राहिली. "मानमोडी," चिमाबाई म्हणाली आणि तिनं कपाळाला हात लावला. संध्याकाळपर्यंत तीन मेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी, शाळा भरायच्या आधी, बाळाबाई ओट्याखाली येऊन उभी राहिली. पदर कपाळापर्यंत ओढलेला. हाताला राख लागलेली होती. पाच वर्षं शेजारी राहून ती माझ्याशी बोलल्याचं मला आठवत नव्हतं.

"मास्तर, तुमच्याजवळ कोंबड्यांचं पुस्तक हाय म्हनं."

"कोणी सांगितलं?"

"ह्येनीच. वाचून दावता का? लई मरायला लागल्यात."

मी पत्रक आणलं आणि उभ्यानंच वाचू लागलो. सहाव्या पानावर रोगाची लक्षणं होती. ती एकेका लक्षणाला मान हलवत होती. "तुरा काळा. व्हय. हिरवं हगत्यात. व्हय, आक्षी तसंच." पानाच्या शेवटी आलं, 'निरोगी दिसणाऱ्या कोंबड्या ताबडतोब निवडून वेगळ्या काढाव्यात व दुसऱ्या जागी ठेवाव्यात.'

तेवढ्यात पलीकडच्या घरची म्हाळसाबाई दोन बायकांबरोबर आडाकडे निघाली होती. ती थांबली. घागर कमरेवर सारून म्हणाली, "बाळे, शाळंत नाव घातलंस व्हय? मास्तर, हिला आंक बी शिकवा की. कोंबड्या मोजायला बऱ्या."

मागच्या दोघी हसल्या. वाईट काही नव्हतं त्यात. पण माझे कान तापले. बायकोला जाऊन पंधरा वर्षं झालेली, एकटा राहणारा माणूस, आणि ओट्याखाली शेजारची सून. मी पत्रक मिटलं.

"एवढंच आहे," मी म्हणालो.

बाळाबाईनं माझ्या हाताकडे पाहिलं. पानांमध्ये माझं बोट तसंच राहिलं होतं.

"दुसऱ्या जागी म्हंजी कुटं, मास्तर?"

"जिथे रोग नाही तिथे," मी म्हणालो आणि आत गेलो.

सातव्या पानाची पहिली ओळ मला पाठ होती. 'ती जागा इतर कोंबड्यांपासून लांब असावी, व चौदा दिवस त्या कोणाच्याही कोंबड्यांत मिसळू देऊ नयेत.' आणि त्याखाली रानपाखरांचं.

त्या भागात अर्धलीनं कोंबडी देण्याची रीत आहे. कोंबडी एकीची, सांभाळणार दुसरी, होतील ती पिल्लं निम्मी-निम्मी. बाळाबाईची कोंबडी अर्धलीनं मिळावी म्हणून बायका वर्ष-वर्ष मागं लागत आणि ती सहसा देत नसे. त्या दिवशी तिनं जिवंत राहिलेल्यांतून नऊ धडधाकट दिसणाऱ्या निवडल्या, पाटीत घालून वर लुगड्याचा तुकडा बांधला आणि एकेका घरी द्यायला निघाली. जिथं रोग नव्हता अशा घरी.

मी पाढे म्हणून घेत होतो. खिडकीतून मला दिसलं, ती पाटी घेऊन केराबाईच्या घरात शिरली. केराबाई विधवा, अकरा कोंबड्यांवर तिचं चालायचं. ती दारापर्यंत पोचवायला आली आणि बाळाबाईच्या कपाळाला तिनं हळद-कुंकू लावायला लावलं, स्वतः लावू नये म्हणून शेजारणीला हाक मारून. तेव्हा मला कळलं की काय चाललं आहे. मी खिडकीशी उभा राहिलो. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. पण रस्त्यावरच्या बाईला शाळेतून हाक मारायची, आणि ती थांबली की काय म्हणायचं? मला वाटलं, ओळ आपल्याला नीट आठवत नसेल. शाळा सुटली की पाहू. शाळा सुटल्यावर पाहिली. ती तशीच होती. तोवर नऊ कोंबड्या सात घरांत गेल्या होत्या. सात घरी जाऊन सांगायला हवं होतं. जन्मात कधी मी कामाशिवाय एका घरी गेलेलो नव्हतो.

पुढच्या आठ दिवसांत गावच्या कोंबड्या मेल्या. काही घरांत मान मुरगळलेल्या कापून खाल्ल्या. उरलेल्या तळ्याकडे फेकल्या. कावळे आणि घारी त्यांवर बसत आणि उडून पुढच्या शिवारात जात. मग एका पहाटे मला जाग आली ती कसला तरी आवाज नसल्यामुळे. गावात एकही कोंबडा आरवला नव्हता.

त्याच सकाळी केराबाई आली. तिच्या ओच्यात दोन मेलेल्या कोंबड्या होत्या, एक बाळाबाईनं दिलेली, एक तिची. तिनं त्या गुंडाच्या उंबऱ्यात टाकल्या.

"घे गं. निम्मी तुजी, निम्मी माजी. वाटणी पुरी झाली."

बाळाबाईनं खाली वाकून दोन्ही उचलल्या.

"हातगुन म्हनं," केराबाई म्हणाली. "कुंकू लावून घातली की गं घरात. कुंकू लावून."

चिमाबाईनं आतून सुनेच्या हातातल्या कोंबड्या बघितल्या आणि म्हणाली, "बाहीर टाक. आन् पान्याच्या भांड्याला हात लावू नगंस." ते पहिल्यांदा.

दोन दिवसांनी पाटील हिंदुरावानं गुंडाला चावडीत बोलावलं. मला लिहून घ्यायला बोलावलं, म्हणून मी होतो. बायका बाहेर चिंचेखाली उभ्या होत्या, बाळाबाई दाराच्या आत, भिंतीला टेकून. हिंदुराव वाईट माणूस नव्हता. त्याच्याही चौदा गेल्या होत्या.

"गुंडा, रोग आदी तुज्या घरात आला, खरं का?"

"व्हय."

मागून कोणीतरी म्हणालं, "तळ्यावरची पाखरं बी मरत्यात की. ह्येनं बदक आनलं हुतं."

गुंडा चिडला. "आनलं तर काय झालं? आमी तिगांनी खाल्लं. आमाला काय झालं? झालं आसतं तर आमाला आदी झालं आसतं."

"ते खरं हाय," हिंदुराव म्हणाला. "आन् पाखरं दरसाल येत्यात." तेवढ्यावर पाखरं सुटली. तो बाळाबाईकडे वळला. "पोरी, घरात मर लागली आस्ताना तू सात घरी कोंबड्या दिल्यास. का गं? कुनी सांगितलं तुला?"

माझ्या हातात टाक होता. मी दौतीकडे बघत होतो. बाहेर चिंचेखाली कोणाच्या तरी बांगड्या वाजल्या. बाळाबाईनं माझ्याकडे बघितलं असेल किंवा नसेल. मी वर पाहिलं नाही.

"कुनी न्हाय," ती म्हणाली. "माज्याच मनानं केलं."

माझं नाव घेतलं असतं तर, मास्तराच्या ओट्यावर तू कशाला गेली होतीस, हा प्रश्न आला असता. ते तिला माझ्याआधी कळलं होतं. किंवा तिनं मला वाचवलं. कोणतं खरं ते मला आजही ठरवता येत नाही.

"लिवा, मास्तर," हिंदुराव म्हणाला.

मी लिहिलं, 'स्वतःच्या मनाने.'

शिक्षा काही झाली नाही. फक्त कोणी तिला अंडी बसवायला बोलावलं नाही. मग बारशाला बोलावलं नाही. आडावर तिची घागर शेवटी. एका बाईचं वासरू मेलं तेव्हा आदल्या दिवशी ती तिकडून गेल्याचं निघालं. "तिच्या हाताला मर हाय," असं म्हाळसाबाई माझ्या ओट्याशी उभी राहून दुसरीला सांगत होती. माघात गुंडा तिला भावाकडे पोचवायला निघाला. तो पुढे, ती गाठोडं घेऊन मागे. शाळेसमोरून जाताना तिनं मान वर केली नाही. हात पदराखाली घेतलेले होते.

मग येडूचं पत्र आलं. मी उत्तराला चार वेळा बसलो. दर वेळी 'रोग रानपाखरांपासून आला असावा' इथपर्यंत लिहून होई. पुढचं लिहिल्याशिवाय ते अर्धंच राही, आणि पुढच्यात मी होतो. 'असावा' की 'आला' यावर एक आठवडा गेला. मी स्वतःला सांगितलं की पूर्ण खात्री झाल्यावर लिहू. येडूचं पत्र पत्रकात ठेवलं. त्याच वर्षाच्या अखेरीस गुंडानं दुसरं लग्न केलं, आणि मला वाटलं, आता लिहून काय उपयोग. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं झालं.

पुढे माझी नोकरी संपली आणि मी करकंबला पुतण्याकडे राहायला आलो. येडूची वस्ती तिथून कोसभर आहे, हे मला ठाऊक होतं. मी त्या रस्त्यानं फिरायला जात नसे.

गेल्या बाजारच्या दिवशी कडवळाच्या, म्हणजे हिरव्या चाऱ्याच्या, पेंढ्या विकणाऱ्या बायकांच्या रांगेत ती मला दिसली. ओळखायला वेळ लागला. हाडं वर आली होती, केस कानाशी पांढरे झाले होते. तिशीची असेल नसेल. मी वळणार होतो, पण तिनं आधी पाहिलं.

"मास्तर. हितं कुटं?"

"इथेच असतो आता. बरी आहेस ना?"

"बरी हाय की." तिनं पेंढी सारखी केली. "डोळं बरं हायत तुमचं? वाचायला येतं?"

"येतं."

शेजारी एक म्हातारी कोंबड्यांची डालगी घेऊन बसली होती. एक कोंबडी जाळीतून मान काढून बाळाबाईच्या पेंढीतलं पान ओढत होती. बाळाबाईनं पेंढी लांब सारली, कोंबडीला स्पर्श होणार नाही अशी.

"भावजय चांगली हाय," ती म्हणाली, मी विचारलं नसताना. "खायाला घालती. कोंबड्यांला तेवडा हात लावू देत न्हाय. परवा पाच अंडी खुडूक कोंबडीखालनं बाहीर आली हुती, गार पडत हुती. मी नुस्ती बगत बसले. ती रानातनं येस्तवर."

गिऱ्हाईक आलं, पेंढी घेऊन गेलं. मग ती खालच्या आवाजात म्हणाली,

"मास्तर, एक इचारू? त्या दिशी अजून पानं हुती न्हवं पुस्तकात?"

"होती."

"काय हुतं त्यात?"

तीन वर्षं झाली होती. बाजार भरात होता, आमच्याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं. म्हाळसाबाई तिथं नव्हती.

"विशेष काही नव्हतं," मी म्हणालो.

ती मान हलवत राहिली, सहाव्या पानावरच्या लक्षणांना हलवली होती तशी. "तसंच आसंल," ती म्हणाली.

घरी येऊन मी पत्रक काढलं. दुपारभर बसून पाटील हिंदुरावाच्या नावे एक लांब पत्र लिहिलं, पाकिटात घातलं, चिकटवलं. मग मला आठवलं की उंबरपाडळीचा टपालवाला आठवड्यातून दोनदा येतो आणि चावडीत बसून कार्डं मोठ्यानं वाचून दाखवतो. ज्याचं आहे तो यायच्या आधी निम्म्या गावानं ते ऐकलेलं असतं. पाकीट मात्र तो न फोडता घरी नेऊन देतो. मी पाकीट फाडलं. पुतण्याला दोन कार्डं आणायला सांगितली.

एक येडूला, एक उंबरपाडळीच्या चावडीत, पाटील हिंदुराव आणि गुंडा यांच्या नावे. दोन्हींवर मजकूर एकच.

'रोग तळ्यावरच्या रानपाखरांनी आणला. गुंडाने आजारी बदक आणून सोलले, त्याची आतडी कोंबड्यांनी खाल्ली. माणसांना काही झाले नाही तरी कोंबड्यांना होते, असे सरकारी पत्रकात आहे. बाळाबाईने मला उपाय विचारला. मी अर्धा वाचला आणि एवढेच आहे म्हणून सांगितले. निरोगी कोंबड्या जिथे रोग नाही तिथे ठेव, असे मी सांगितले, तसे तिने केले. पुढच्या पानावर त्या चौदा दिवस कोणाच्या कोंबड्यांत मिसळू नयेत असे होते. ते मला माहीत होते. तिला पाटी घेऊन जाताना मी पाहिले व अडवले नाही. चावडीत तिने माझे नाव घेतले नाही. मी तिथे लिहायला बसलो होतो. "स्वतःच्या मनाने" हे खोटे आहे, ते खोडावे. बाळाबाईच्या हाताला दोष नाही.'

अक्षर बारीक काढूनही कार्ड भरलं. माफीला जागा राहिली नाही. नाहीतरी ती मी कशी मागितली असती ते मला माहीत नाही. खाली फक्त नाव घातलं, पूर्ण.

टपाल कचेरीपर्यंत चालत गेलो. येडूचं कार्ड लगेच टाकलं. दुसरं हातात धरून थोडा वेळ पेटीशी उभा होतो; एक माणूस मागे येऊन थांबला, त्याला वाटलं मला फट दिसत नाही.

"आजोबा, द्या हिकडं, मी टाकतो."

"नको," मी म्हणालो आणि टाकलं.